नाशिकहून किती लांब, किती तास? दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोल शिकवत असल्यामुळे हे प्रश्न वर्गात येतातच, पण वर्गाबाहेर जास्त येतात. कुणाचा मुलगा लंडनला शिकायला निघालेला असतो, कुणाची लेक न्यू जर्सीत असते, तर कुणाला नातवाच्या बारशाला दुबई गाठायची असते. प्रश्न एका ओळीचा असतो, उत्तर एका आकड्यात मावत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नाशिक ते लंडन नेमकं किती किलोमीटर? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी. पण हा आकडा वाचण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: कुठून मोजलं, कुठपर्यंत मोजलं आणि कोणत्या वाटेने मोजलं. या तीन उत्तरांपैकी एक जरी बदललं तरी आकडा बदलतो, आणि तरीही दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

जवळचंच उदाहरण घ्या. नाशिक ते मुंबई. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण १५५ किमी भरते. कसारा घाटातून गाडीने गेलात तर मुंबईत कुठे उतरता त्यावर अवलंबून १६५ ते १७० किमी. नाशिकरोडहून रेल्वेने सीएसएमटी सुमारे १८७ किमी. तीनही आकडे खरे आहेत. पेट्रोलचा हिशेब करणाऱ्याला पहिल्याचा उपयोग नाही आणि रेल्वेने जाणाऱ्याला दुसऱ्याचा नाही.

‘नाशिक’ म्हणजे नकाशावरचा कोणता बिंदू धरायचा?

हवाई अंतरासाठी शहराचा मध्य धरत नाहीत, विमानतळ धरतात. नाशिकचा विमानतळ ओझरला, एचएएल या विमान कारखान्याच्या धावपट्टीवर आहे. तिकिटावर त्याचा कोड ‘आयएसके’ असा येतो. शहराचा मध्य साधारण २०.०० अंश उत्तर आणि ७३.७९ अंश पूर्वेला आहे, तर ओझरची धावपट्टी २०.१२ उत्तर आणि ७३.९१ पूर्वेला. म्हणजे शहरापासून सरळ रेषेत १८ किमी दूर, आणि तेही ईशान्येला.

लंडनच्या हिशेबात १८ किमी कुठेच जाणवत नाहीत. पण दिल्ली किंवा हैदराबादसाठी दोन संकेतस्थळांच्या आकड्यांत दहा-पंधरा किमीची तफावत दिसली, तर बहुधा एकाने शहर धरलेलं असतं आणि दुसऱ्याने विमानतळ.

जाता जाता एक सांगते. आपलं शहर जवळपास बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर वसलेलं आहे. हे लक्षात ठेवलं की पुढची गणितं सोपी जातात. मुलांना तर हा आकडा आपल्या पिनकोडसारखा पाठ असावा असं मला वाटतं.

सरळ हवाई अंतर घरी, कागदावर काढता येतं का?

हो, येतं. आणि एकदा तरी काढून पाहावंच, कारण त्यानंतर मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ कळायला लागतो.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. मोबाइलच्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की ते आकडे मिळतात. ओझरचे वर दिलेच आहेत. दिल्ली विमानतळाचे घ्या २८.५६ उत्तर आणि ७७.१० पूर्व.

आता अक्षांशांची वजाबाकी करा. २८.५६ वजा २०.१२ म्हणजे ८.४४ अंश. आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.८ किमी, म्हणजे हे झाले ९३५ किमी. मग रेखांशांची वजाबाकी. ७७.१० वजा ७३.९१ म्हणजे ३.१९ अंश. पूर्व-पश्चिम अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किमीच्या थोडा वर असतो, नाशिकच्या अक्षांशावर साधारण १०४.६ किमी भरतो, आणि ध्रुवाकडे जाता जाता शून्य होतो, कारण सगळ्या रेखावृत्तांची टोकं तिथे एकत्र येतात. नाशिक आणि दिल्लीच्या मधोमध, म्हणजे २४ अंशांच्या आसपास, तो १०१.५ किमी धरावा. म्हणजे ३२४ किमी झाले.

९३५ आणि ३२४ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. पायथागोरस लावला की कर्ण निघतो ९९० किमी. हेच ओझर ते दिल्ली हवाई अंतर. आठवी-नववीच्या गणितात बसणारी गोष्ट आहे.

हजार-बाराशे किमीपर्यंत ही पद्धत छान चालते. त्यापुढे पृथ्वीचा गोलवा आड येतो आणि त्रिकोण कागदावर सपाट राहत नाही. लंडनसाठी मग गोलावरचं सूत्र वापरावं लागतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (कॅल्क्युलेटरवरचं ‘sin’ बटण; कोसाइनसाठी ‘cos’) गुणाकार करायचा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवायचा. येणारं उत्तर ज्या कोनाचं कोसाइन असेल, तो कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन शहरांमधला कोन.

ओझर आणि हीथ्रो यांच्यासाठी, हीथ्रो ५१.४७ उत्तर आणि ०.४५ पश्चिम धरून, ते असं येतं: ०.३४४ गुणिले ०.७८२ म्हणजे ०.२६९, ०.९३९ गुणिले ०.६२३ गुणिले ०.२७० म्हणजे ०.१५८, बेरीज ०.४२७. हे ६४.७ अंशांचं कोसाइन. एका अंशाला १११.२ किमी धरले की ७,१९५ किमी, म्हणजे ७,२०० च्या घरात. रेखांश पश्चिमेचा असेल तर त्याला वजा चिन्ह द्यायला विसरू नका. नाहीतर लंडन भलत्याच जागी जाऊन बसतं.

संगणकावरच्या बऱ्याच गणकयंत्रांत ‘हॅव्हरसाइन’ नावाचं सूत्र असतं. ते याच सूत्राचा दुसरा अवतार आहे. दोन जागा अगदी जवळ असल्या की वरच्या सूत्रात दशांशांची गोची होते, हॅव्हरसाइनमध्ये ती होत नाही.

दोन्हीकडे तेच विमानतळ धरलेत, तरी दोन-चार किमीचा फरक का?

कारण पृथ्वी बरोबर गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किमी आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७ किमी. काही गणकं सरासरी ६,३७१ किमीचा गोल धरतात, काही हा चपटेपणा हिशेबात घेतात. जीपीएस ज्या ‘डब्ल्यूजीएस ८४’ मापावर चालतं, त्यात चपटेपणा धरलेला असतो. ओझर–दिल्ली गोलावर मोजलं तर ९९२ किमीच्या आसपास येतं आणि चपट्या पृथ्वीवर ९८९. फरक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. प्रवाशाने त्याची काळजी करू नये. जमिनीची मोजणी करणाऱ्याने मात्र जरूर करावी.

आमची लेक न्यू जर्सीला असते. नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, मग विमान उत्तरेकडे कशाला जातं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. विमानातल्या पडद्यावर विमान रशिया, आइसलँड, ग्रीनलँड असं जाताना दिसतं आणि आई-वडील काळजीत पडतात की एवढा वळसा कशासाठी. खरं तर तो वळसा नसतोच. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो म्हणून तसं दिसतं.

घरात पृथ्वीगोल असेल तर तो काढा. नसेल तर शेजारच्या शाळेत नक्की असेल. शिवणाचा दोरा घ्या. एक टोक डाव्या अंगठ्याने नाशिकवर दाबा, दुसरं उजव्या अंगठ्याने न्यूयॉर्कवर. आता दोरा हळूहळू ताणा. सुरुवातीला तो अरबस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिका असा ढिला पडलेला असेल. ताणायला लागलात की तो गोलावरून सरसर वर सरकतो आणि जिथे घट्ट बसतो ती वाट मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडाचा पूर्व किनारा अशी असते. बोट सैल केलं की दोरा पुन्हा दक्षिणेला घसरतो. मुलांनी हे एकदा करून पाहिलं की ती पुन्हा तो प्रश्न विचारत नाहीत. गोलावरच्या या सगळ्यात जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्ताची वाट म्हणतात, वैमानिक तिला ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात.

आकड्यांत सांगायचं तर ओझरहून न्यूयॉर्कला निघणाऱ्या या वाटेची पहिली दिशा उत्तरेपासून फक्त २६ अंश पश्चिमेकडे झुकलेली असते. ती चढत चढत ६५–६६ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आर्क्टिक वृत्तापर्यंत जाते आणि मग खाली उतरते. लांबी १२,५०० किमीच्या आसपास. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ लिबिया-अल्जीरियावरून जाते. ती दिसते सरळ, पण प्रत्यक्षात भरते १४,२०० किमी. म्हणजे ‘सरळ’ वाट साधारण १,७०० किमींनी लांबची.

मर्केटरचा नकाशा १५६९ सालचा आहे आणि तो समुद्रातल्या जहाजांसाठी केला होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं असेल तर त्यावर सरळ रेघ ओढता यावी, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने चोख पार पाडला. अंतर पट्टीने मोजण्यासाठी मात्र तो कधीच नव्हता. तरीही बहुतेक वर्गांतल्या भिंतीवर तोच टांगलेला असतो आणि बाजूला पृथ्वीगोल नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या गोलावर मोजायचं असेल तर ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. नाशिक–लंडन दोरा १७ सेंमीच्या आसपास भरायला हवा. पट्टीवर ठेवून बघा.

मग विमान खरंच त्याच वाटेने जातं?

तंतोतंत कधीच नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, विमानतळाजवळ येण्या-जाण्याच्या ठरलेल्या वाटा असतात, वादळं टाळावी लागतात. एवढ्यानेच सरळ अंतरात पाच-सात टक्क्यांची भर पडते.

त्यावर देशांच्या सीमा. आकाशालाही सीमा असतात आणि त्या बंद होऊ शकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि ते त्याच वर्षी जुलैमध्ये पूर्ववत खुलं झालं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं. तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी गुजरात आणि अरबी समुद्राकडे उतरून मग पश्चिमेला वळावं लागलं. मुंबईहून निघणाऱ्यांना त्या मानाने कमी झळ बसली, कारण त्यांची बरीचशी वाट तशीही समुद्रावरून जाते. २०२२ पासून युरोप आणि अमेरिकेतल्या अनेक विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटेने आणि वेगवेगळ्या वेळात जाताना दिसतात.

तिकीट काढताना तासांत दीड-दोन तासांचा फरक दिसला तर कंपनीने काही लपवलंय असं लगेच समजू नका. आधी वाट बघा.

मैल, नॉटिकल मैल आणि किलोमीटर यांत घोळ होतो.

जमिनीवरचा मैल १.६०९ किमीचा, नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल, म्हणून विमान आणि जहाजवाल्यांना तो सोयीचा पडतो. वेग ‘नॉट’मध्ये दिला असेल तर ताशी तेवढे नॉटिकल मैल समजा. मुंबई–लंडन कुठे ३,८९० आणि कुठे ४,४८० दिसलं तर पहिला आकडा नॉटिकल मैलांचा आहे, दुसरा साध्या मैलांचा. दोन्हींचे किलोमीटर केले की ७,२०० च्या जवळच येतात.

अंतर कळलं. आता तास कसे काढायचे?

प्रवासी जेट विमान उंचीवर स्थिरावलं की हवेत ताशी साधारण ८३० ते ९१० किमी वेगाने जातं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो आणि धावपट्टीपर्यंत जमिनीवर रांगतच जावं लागतं.

माझा हिशेब असा. सरळ अंतरात सात टक्के मिळवायचे, ८५० ने भागायचं, आणि वर अर्धा ते पाऊण तास ठेवायचा. ओझर–दिल्ली: ९९० चे १,०६० झाले, भागून सव्वा तास, वर अर्धा-पाऊण तास. म्हणजे पावणेदोन ते दोन तास. मुंबई–दुबई: अंतर सुमारे १,९३० किमी, हिशेबाने तीन तासांच्या आसपास.

इथून हेही कळतं की छोट्या प्रवासात अंतर आणि वेळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत. विमानाचा अर्धा-पाऊण तास चढणं, उतरणं आणि रांगणं यातच जातो, मग अंतर ३०० किमी असो की ३,०००.

तिकिटावर जो वेळ लिहितात तो दारं बंद होऊन विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. वैमानिक घोषणेत सांगतात तो बहुतेकदा फक्त हवेतला वेळ. तिकिटावर दोन तास आणि घोषणेत एक तास पस्तीस मिनिटं, असं ऐकलंत तर दोन्ही बरोबर. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं.

जाताना दहा तास आणि येताना नऊच, असं कसं?

वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किमी उंचीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यातला एक पट्टा थेट उत्तर भारतावर येतो आणि त्याचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून, येताना पाठीमागून.

समजा वाट ७,००० किमीची, विमानाचा हवेतला वेग ८८० आणि वारा सरासरी १०० किमीचा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ७८०, म्हणजे ८ तास ५८ मिनिटं. येताना ९८०, म्हणजे ७ तास ९ मिनिटं. दोन्ही मिळून १६ तास ७ मिनिटं. वारा नसता तर १५ तास ५५ मिनिटांत काम झालं असतं. जाताना वाऱ्याने घेतलेला वेळ येताना पुरता परत मिळत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं.

म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांना जुलैत गेलेल्या नातेवाइकांपेक्षा जास्त तास बसावं लागू शकतं. विमान तेच, वाट तीच.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला नको का? लंडन स्वतःच आपल्याकडे येतंय ना?

छान प्रश्न आहे आणि चुणचुणीत मुलंच तो विचारतात. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये चेंडू सरळ वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, तुमच्याच हातात येतो. विमानाचंही तसंच. फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती सरकते याने, आणि तोच आपला जेट प्रवाह. पृथ्वीचं फिरणं या प्रवाहांना वळण देतं, एवढा त्याचा अप्रत्यक्ष हात आहे.

तिकिटावर रात्री अडीचला निघून सकाळी सातला लंडन दाखवतात. म्हणजे साडेचार तासच?

नाही. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. तेव्हा साडेचार अधिक साडेपाच, एकूण दहा तास. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणून फरक साडेचार तासांचा उरतो. तेव्हा तेच अडीच ते सात म्हणजे नऊ तास. परत येताना वजाबाकी. हिवाळ्यात लंडनहून रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई म्हणजे दिसायला साडेचौदा तास, त्यातून साडेपाच गेले की नऊ.

ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला नेहमीचा फरकही बदललेला असतो. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे, सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा. दुबई दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे, तिथे वर्षभर बदल नाही.

आपल्या स्वतःच्या घड्याळाबद्दलही थोडं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि नाशिक त्याच्या सुमारे ८.७ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे गोदाकाठचा सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटं मागे चालतो. आपल्याकडे सूर्य बाराला डोक्यावर येत नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

लांबची वाट लवकर पोचवते, असं कधी होतं का?

होतं, आणि त्याचं नामी उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर १२,४०० किमीच्या थोडं आत. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकच्या बाजूने जायचं, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट झाली सुमारे १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमींनी जास्त. तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास लवकर. पाठीवर जेट प्रवाह होता, म्हणून.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं तेव्हा वाट उत्तर ध्रुवावरून गेली होती. या दोन शहरांमधलं सरळ अंतर जवळपास १४,००० किमी आहे. पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन हेही करून बघा, दोरा आर्क्टिक वृत्त ओलांडून सुमारे ७१ अंश उत्तरेपर्यंत चढेल.

ओझरहून जावं की थेट मुंबई गाठावी?

परदेशी जाताना विमान कुठून उडतं याला किलोमीटरच्या दृष्टीने फार महत्त्व नाही. ओझर–लंडन ७,२०० आणि मुंबई–लंडन ७,२१०. फरक पडतो तो घरापासून विमानापर्यंतच्या तासांत.

गंगापूर रोडवरून मुंबई विमानतळासाठी निघालात तर घाट, इगतपुरीचं धुकं, भिवंडी-ठाण्याची गर्दी धरून चार तास तरी ठेवा, पावसाळ्यात आणखी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किमीचा मार्ग पूर्ण झाला. त्यामुळे कसाऱ्याचा त्रास टाळता येतो, पण आमण्याच्या पुढची गर्दी तशीच असते. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. म्हणजे नऊ तासांच्या उड्डाणासाठी घरून निघाल्यापासून पहिले सात तास जमिनीवरच जातात.

ओझरहून दिल्ली किंवा दुसऱ्या मोठ्या शहरात जाऊन पुढचं विमान धरणं वयस्कर माणसांना सोपं पडतं, विशेषतः दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर. तसं असलं की पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि बहुधा सामानही थेट जातं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मधे भरपूर वेळ ठेवाच. ओझरची विमानं मोजकीच आहेत आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून तारीख पक्की करण्याआधी वेळापत्रक पाहा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता तिकिटावर ‘मुंबई’ वाचून निघू नका, कोड वाचा. ‘बीओएम’ म्हणजे जुना मुंबई विमानतळ, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर ऐन घाईत मुंबईची गर्दी ओलांडावी लागते.

नाशिकची द्राक्षं युरोपात जातात. त्यांचं अंतर कसं मोजतात?

समुद्रमार्गाने, नॉटिकल मैलांत. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदराहून युरोपातल्या रॉटरडॅम बंदराला निघालेला कंटेनर सुएझ कालव्यातून गेला तर एक अंतर, आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून गेला तर दुसरंच, हजारो किमींनी जास्त. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच जहाजांनी केपची वाट धरली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. शहरं तीच, पण शीतकंटेनरमधल्या द्राक्षाचं आयुष्य मोजकं. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला अंतर किलोमीटरमध्ये कधीच महत्त्वाचं नसतं, ते दिवसांत असतं.

मुलगा येतोय. त्याला घ्यायला नाशिकहून कधी निघू?

सुटण्याच्या वेळेत तास मिळवत बसू नका. विमान हवेत गेल्यावर विमानाचा माग दाखवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर त्याची पोचण्याची वेळ बघा. ती वाऱ्याप्रमाणे दर थोड्या वेळाने सुधारते, आणि विमान अरबी समुद्रावर आलं की बरीच पक्की होते. विमान टेकल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम यांना तास-सव्वा तास धरा. पोचण्याच्या वेळेच्या तीन तास आधी मुंबई नाक्यावरून निघालात तर पुरेसं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड आणि धुकं असतं, तेव्हा तासभर आधी निघा. विमान समुद्रावर अडकलेलं दिसलं, म्हणजे मुंबईवर गोल गोल फिरत असलं, तर धावपट्टीसाठी रांग आहे एवढंच समजा आणि घरी आईला तसं कळवा.